चित्र वाचायला कोण शिकवणार?

मंडळी, आजचा लेख जरा भांडणाचा आहे. सवयीप्रमाणे चहा घेऊन बसा, कारण थोडा लांबणार आहे.

माझी तक्रार अशी. सुमित्रा भावे यांना आपण 'राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या दिग्दर्शिका' असं एकदा म्हणून टाकलं आणि मोकळे झालो. १९ एप्रिल २०२१ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा सगळीकडे पुरस्कारांच्या याद्या छापून आल्या. 'कासव'ला सुवर्णकमळ, 'दोघी'ला अमुक, 'अस्तु'ला तमुक. सगळं खरंच होतं. पण बाईंनी आयुष्यभर जे काम केलं त्याचं नाव त्या यादीत नव्हतं. ते काम शिक्षकाचं होतं. आणि आम्ही शिक्षक मंडळींनीच ते उचललं नाही, याचा मला राग आहे.

थोडं मागे जाते. सुमित्राबाई मुळात सिनेमावाल्या नव्हत्याच. समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत बरीच वर्षं शिकवलेलं, मधे आकाशवाणीवर बातम्याही वाचलेल्या. झोपडपट्टीतल्या बायकांचा अभ्यास करता करता त्यांच्या लक्षात आलं की आपण यांच्याविषयी लिहितो, अहवाल करतो, परिषदेत वाचतो; पण जिच्याविषयी लिहिलं तिला ते वाचता येत नाही! तिचं ज्ञान तिच्याकडून घेतलं आणि तिच्याकडे परत गेलंच नाही. मग परत द्यायचं कसं? तर चित्रातून. म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. झोपडपट्टीत राहून संसार ओढणाऱ्या एका बाईची गोष्ट. कॅमेऱ्याचं कसलंही शिक्षण न घेता चाळिशी ओलांडलेल्या एका प्राध्यापिकेने हा उद्योग केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकर जोडीला आले, 'विचित्र निर्मिती' ही संस्था उभी राहिली, पन्नासहून जास्त लघुपट आणि डझनाहून जास्त चित्रपट झाले.

यातलं काय लक्षात ठेवायचं? मला विचाराल तर तो पहिला प्रश्न. ज्याचं चित्र काढलं त्याला ते चित्र परत मिळालं का? त्यावर त्याला बोलता आलं का? हा प्रश्न म्हणजे अख्खा अभ्यासक्रम आहे. आज त्याला मोठं नाव आहे, मीडिया एज्युकेशन. नाव काहीही द्या. मी त्याला चित्राची साक्षरता म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, भिगवणला बसून या बाईंना हे कुठून सुचलं? तर भिगवणलाच सुचणार. आमच्याइतके कॅमेरे पुणे जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या खेड्यात येत असतील असं मला वाटत नाही. थंडी पडली की उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो. मग शनिवार-रविवारी पहाटे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग डिकसळ, कुंभारगावकडे लागते. हातभर लांबीची भिंगं घेऊन माणसं होडीत बसतात. चित्रं सुंदर येतात, मी पाहिली आहेत. मात्र होडी वल्हवणाऱ्या माणसाचा हात चित्रात आला तर तो कापून टाकतात. खरंच! जाळं, थर्माकोलचा तुकडा, काठावर कपडे धुणारी बाई, सगळं 'फ्रेमच्या बाहेर'. बघणाऱ्याला वाटतं, इथे फक्त पाणी आणि पक्षी आहेत. या पाण्याखाली गावं आहेत हे त्या चित्रात कुठून दिसणार? १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेकाठची गावं उठली, आमच्या कितीतरी नातेवाइकांची घरं-शेतं त्यात गेली. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा पुन्हा कॅमेरे येतात. देवळाचं चित्र घेतात आणि जातात.

त्या हौशी लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळे आमच्या नावाड्यांना चार पैसे मिळतात, खानावळीत मासळीचं ताट जातं. मुद्दा वेगळा आहे. आमच्या गावातल्या पोराला हे कळलं पाहिजे की चित्र घेणारा काहीतरी निवडतो आणि काहीतरी सोडतो. सोडलेलं काय, हे विचारायला त्याला कुणी शिकवलं आहे का? नाही. दहा वर्षं आम्ही त्याला अक्षर वाचायला शिकवतो. परिच्छेदाखाली प्रश्न देतो, 'लेखकाला काय सुचवायचे आहे?' आणि तो पोरगा दिवसाला तीन-तीन तास जे बघतो त्याखाली एकही प्रश्न देत नाही.

माझा पुण्याचा पुतण्या याच विषयावर फोनवर माझ्याशी वाद घालत होता. म्हणाला, "आत्या, हे सगळं जुनं झालं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आमच्या पिढीला चित्राची भाषा कुणी शिकवावी लागत नाही, ती आपोआप येते."

आपोआप येते! अहो, बोलायलाही आपोआप येतं. म्हणून मराठीचा तास बंद केला का आपण? बोलता येणाऱ्याला फसवता येत नाही असं कुठे आहे? उलट ज्याला भाषा येते पण तिचे डावपेच कळत नाहीत तोच आधी फसतो.

हा वाद मी गमतीने घालत नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण तिथे आले होते. आमच्याच भीमेच्या खालच्या अंगाला, मंगळवेढ्याकडची माणसं. भिक्षा मागत गावोगाव फिरायचं हा त्यांचा पिढीजात शिरस्ता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. जमावाने त्या पाचजणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. पाचही. तिथेही प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होताच. काहींनी मारतानाचं चित्रणसुद्धा केलं.

आणि त्या काळात देशभर जी दृश्यं फिरत होती त्यातल्या एकाची हकिकत ऐका. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांमधलं एक मूल उचलतात आणि पसार होतात. बघताना काळजाचा ठोका चुकतो. हे दृश्य भारतातलं नव्हतंच. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती छोटी फिल्म होती, सगळं ठरवून चित्रित केलेलं. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले परत येतात, मूल सुखरूप खाली ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात. मुलावर लक्ष ठेवा, हा त्याचा सांगावा. कुणीतरी शेवट कापला. तेवढंच केलं. काही सेकंदांचा शेवट कापला आणि जनजागृतीची फिल्म अफवा झाली.

यालाच सिनेमाच्या भाषेत संकलन म्हणतात. कुठे सुरू करायचं, कुठे तोडायचं. ही गोष्ट सातवीच्या मुलाला अर्ध्या तासात समजते. ती न समजल्यामुळे माणसं मेली आहेत. आणि २०१८नंतर सगळे शहाणे झाले असंही नाही. सप्टेंबर २०२२मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून बदडलं. त्यांचा जीव वाचला, एवढंच. आता सांगा, हा विषय हौसेचा आहे की पोटापाण्याइतका गरजेचा?

सातवीच्या मुलाला कळतं असं मी हवेत म्हणत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतली पाच-सहा मुलं माझ्याकडे येत होती. (शुद्धलेखनाला पाठवतात आया, आणि मी लावते भलत्याच उद्योगाला.) त्यांना घरातले मोबाइल आणायला सांगितले आणि म्हटलं, मासळी बाजारात जा, एक मिनिट चित्रण करा, एकच मिनिट. परत आल्यावर सगळी चित्रणं भिंतीला पाठ लावून ओळीने बघितली. एकाने नुसती मासळी घेतली, चिलापीचे ढीग, चकचकीत. एकीने लिलाव बोलणाऱ्याचं तोंड घेतलं. एकाने फक्त चिखल आणि माश्या. आणि एक मुलगी, जिची आजी तिथे मासळी साफ करायला बसते, तिने आजीच्या हातांवर कॅमेरा धरून ठेवला होता. बाजार एकच, वेळ एकच. मी विचारलं, "यातला खरा भिगवणचा बाजार कुठला?" पाच मिनिटं नुसता कालवा. मग चिखलवाला पोरगा म्हणाला, "आज्जी, माझं बघितलं तर कुणी मासळी घ्यायला येणारच नाही." दुसरा लगेच, "अन् माझं बघितलं तर कुणी बाजार झाडायला येणार नाही!"

याहून जास्त मला काही शिकवायचं नव्हतं. मुलांनी ते स्वतःच शोधलं. खर्च शून्य.

ती आजीच्या हातांवर कॅमेरा धरणारी मुलगी घरी गेली आणि तिने ते चित्रण आजीला दाखवलं. आजीने काय करावं? ती म्हणाली म्हणे, "सुरी चुकीच्या बाजूने धरलेली दिसतीया माझी, पुन्यांदा घे." चित्र परत जाणं म्हणतात ते हे. सुमित्राबाईंनी १९८५ साली जे केलं त्याची ही छोटीशी नक्कल.

आता विरोधकांचा दुसरा मुद्दा. तो जास्त शिकलेले लोक काढतात. "सुमित्रा भाव्यांचे सिनेमे प्रबोधनाचे हो, उपदेश फार." स्किझोफ्रेनियावर 'देवराई', कोडावर 'नितळ', स्मृतिभ्रंशावर 'अस्तु', नैराश्यावर 'कासव'. एक रोग, एक सिनेमा, अशी चेष्टा मी माझ्या कानांनी ऐकली आहे. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही. काही सिनेमांत माणसं जरा जास्तच समंजसपणे बोलतात, आपल्या घरात कुणी इतकं नीट वाक्य पुरं करत नाही. पण उपदेश म्हणजे काय? उपदेश करणारा आपलं बोलून निघून जातो. यांची रीत बोलून झाल्यावर थांबण्याची आहे. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि 'अस्तु'-'कासव'च्या निर्मितीत होते, ते हे सिनेमे घेऊन ठिकठिकाणी गेले आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी बोलत बसले. ज्या घरात वडील स्वतःच्या मुलीला ओळखेनासे झाले आहेत, त्या घरातली माणसं तिथे पहिल्यांदा तोंड उघडतात. त्याला उपदेश म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मी स्वतः २००४च्या सुमारास आमच्या शाळेत 'दहावी फ' दाखवला होता. सीडी पुण्याहून आणली, टीव्ही एका पालकाच्या घरचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २००२चा सिनेमा. हुशार मुलं 'अ' तुकडीत आणि उरलेली 'फ'मध्ये, अशी शाळा. अपमानाने पेटलेली 'फ'ची मुलं प्रयोगशाळा फोडतात. शिक्षक (अतुल कुलकर्णी) त्यांना ओळखतो, पण पोलिसात देत नाही. मुलं कष्ट करून नुकसान भरून काढतात. खेळ संपल्यावर आमच्या वर्गात आधी शांतता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात उभा राहून एक वाक्य बोलला नव्हता, तो म्हणाला, "बाई, आपल्यातबी तुकड्या हायेत, फक्त पाटी लावलेली नाही." स्टाफरूममधे यावर बराच गदारोळ झाला. मुलांना भलतं काही दाखवू नका, सिनेमा दाखवायचाच तर सहामाही संपल्यावर करमणुकीचा दाखवा, अशी समज मला मिळाली. कोण म्हणालं ते सोडून द्या, त्या खुर्चीवर दुसरं कुणी असतं तरी तेच म्हणालं असतं. मला मात्र तेव्हाच कळलं की उपदेशाची भीती कुणाला वाटत नाही. भीती वाटते ती नंतरच्या चर्चेची.

तिसरा मुद्दा वेळेचा. "बाई, पोर्शन संपत नाही, त्यात हे कुठे बसवता?" छत्तीस-सदतीस वर्षं मीही पोर्शन संपवला आहे, तेव्हा हे मला नका सांगू. आठवड्याला एक तास म्हणा, नाहीतर पंधरवड्याला एक. दहा मिनिटं बघायचं, तीस मिनिटं बोलायचं. हल्ली खेड्यातल्या शाळेतसुद्धा 'डिजिटल वर्ग' आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे, गावाने वर्गणी काढून घेतलेला. त्यावर काय दिसतं? पाठ्यपुस्तकाचं पान! पुस्तक हातात, तेच पान भिंतीवर. एवढा खर्च करून आपण फळाच बदलला.

चौथा मुद्दा, शिक्षकांना येत नाही. हा मात्र रास्त आहे. पण मग शिकवा ना! आपल्यापासून शंभर किलोमीटरवर पुण्यात काय काय आहे पाहा. १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जे पी. के. नायर यांनी जन्मभर खपून उभं केलं. सिनेमा कसा बघावा हे शिकवणारा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम तिथे पन्नासेक वर्षं चालत आला, सतीश बहादूर यांच्यासारखा शिक्षक त्यामागे होता. एवढी विद्या पुण्यात आणि सोलापूर रस्त्याने ती हडपसरच्या पुढे येत नाही? बीएड-डीएडला अध्यापनाच्या किती पद्धती घोकून घेतात, त्यात चित्र कसं वाचावं यावर आठ दिवस घालता येणार नाहीत? केरळने करून दाखवलं आहे. तिथे सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आधी तयार केलं आणि २०२२मध्ये त्यांच्यामार्फत लाखो मुलांना खोटी बातमी कशी ओळखायची याचे धडे दिले. पुढे ते पाठ्यपुस्तकातही आणलं. आपण पहिला मराठी मूकपट कुणी काढला या प्रश्नाला एक गुण देऊन फाळक्यांचं ऋण फेडतो.

तेव्हा माझं मागणं अगदी साधं आहे. पाचवीपासून मराठीच्याच तासाला चित्र वाचायला शिकवा. नवा विषय नको, नवी परीक्षा तर मुळीच नको, नाहीतर त्याचेही गाईड निघतील आणि मुलं 'कॅमेऱ्याचे पाच उपयोग' पाठ करतील. प्रश्न चारच आहेत. हे कुणी दाखवलं? कशाला दाखवलं? काय सोडलं? आणि ज्याचं चित्र आहे तो हे बघून काय म्हणेल? चौथा प्रश्न सुमित्राबाईंचा. पहिले तीन कुणीही शहाणा माणूस सांगेल, चौथा त्यांनी आयुष्य घालून आपल्याला दिला.

त्यांचा शेवटचा चित्रपट 'दिठी' मे २०२१मध्ये लोकांसमोर आला, त्या गेल्यावर महिनाभराने. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. पुरात मुलगा गमावलेल्या वारकरी लोहाराची ती गोष्ट. दिठी म्हणजे दृष्टी, हे आमच्याकडे पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही सांगावं लागत नाही. ती शिकवावी लागते, एवढंच आपल्या शिक्षणखात्याला सांगायचं राहिलं आहे.

नातेवाईक मंडळींना एक काम देते. घरात जे शाळकरी मूल असेल त्याच्या मोबाइलवरचं काहीही एक मिनिटाचं त्याच्याबरोबर बसून बघा, आणि ते चार प्रश्न विचारा. रागावू नका, मोबाइल काढून घेऊ नका, फक्त विचारा. काय उत्तरं आली ते मला लिहून कळवा. पुतण्याला तर खास आग्रह, त्याच्याकडे दोन मुलं आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही.